माझ्या फोनातली तिची ओळ

जळत होते मी. उगाच आडून आडून कशाला सांगू? सात रस्त्याजवळच्या आमच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये त्या नव्या मुलीनं आल्या आल्या माझ्या मैत्रिणीच्या शेजारची खुर्ची पटकावली, तेव्हापासून माझ्या पोटात दुखायला लागलं ते लागलंच.

ही मैत्रीण उजनीकाठच्या गावातली. कॉलेजपासून आम्ही दोघी जोडीनं. लॅपटॉप दोघींकडंही नाही, म्हणून फोनवरच टर्मिनलचं, म्हणजे टाइप करून हुकूम सोडायचं, ॲप घेऊन शिकायचो. ते उघडलं की काळ्या पडद्यावर आधी लांबलचक इंग्रजी स्वागत येतं. ते काढून तिथं आपल्याला हवी ती ओळ घालता येते. आमचा रिवाज असा, की आपली ओळ आपण लिहायची नाही, एकमेकींच्या फोनात लिहायची. घरून निघताना पाण्याची मोटर बंद करायचं तिला कधी आठवायचं नाही, मग एसटीतून भावाला फोन. म्हणून तिच्या फोनात मी लिहिलं होतं, ‘ये बाई, मोटर बंद केलीस का?’ माझ्या फोनात तिनं लिहिलं, ‘आली का म्हाराणी? आवर की, लई कामं हायत.’ घरात मला कुणी महाराणी म्हणत नाही. भवानी पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत ती ओळ बघूनच माझा दिवस सुरू व्हायचा.

नवी मुलगी विणकरांच्या घरातली, घरी तेलुगू. महिना झाला नाही तोवर माझी मैत्रीण तिला ‘रा अक्का’, म्हणजे ‘ये ताई’, म्हणून हाका मारायला लागली. आमच्या घरात कानडी. इतकी वर्षं ही माझ्या आईच्या हातची शेंगापोळी खाते, पण एक कानडी शब्द हिच्या तोंडून निघाला असेल तर शपथ!

एक दिवस मैत्रिणीनं माझ्यासमोर ॲप उघडलं आणि पडद्यावर मासा आला. निळा, खवल्यांसकट, नुसत्या कंसांनी आणि टिंबांनी काढलेला.

“अक्कानं काढून दिला. भारी हाय न्हवं?”

भारी होता. तेच तर झोंबलं. वाईट असता तर मी पोट धरून हसले असते.

“आणि माझी मोटर?”

“हाय की आत,” म्हणाली आणि चहा आणायला खाली गेली.

तिचा फोन माझ्यापाशीच होता. ॲप उघडताच पडद्यावर काय यायचं ते जिच्यात लिहिलेलं असतं, ती सुरुवातीची फाइल मी उघडली. माझी ओळ खरंच होती, पण तिच्या आधी हॅश, म्हणजे # ही खूण, टाकलेला. हॅश टाकला की ओळ फाइलमध्ये राहते, पडद्यावर येत नाही. म्हणजे घरात ठेवायचं, पण पाहुणे आले की बाहेर यायचं नाही म्हणून बजावायचं. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या.

ती चहा घेऊन आली तसा मी माझा फोन तिच्यापुढं आदळला. “माझी ओळ लई जुनी झाली. नवीन लिही.”

मला काय हवं होतं, ते तिला कळायला नको का? तिनं जरा वेळ विचार केला. निदान मला तसं वाटलं. मग हसून फोन शेजारी सरकवला. “अक्का, तूच लिही की हिला. तुला लई भारी सुचतंय. मला कुटं जमतंय तसलं.”

नको म्हणायचं होतं, पण तोंडात चहाचा घोट होता.

नव्या मुलीनं अगदी मन लावून काम केलं. ‘म्हाराणी’ वाचून तिला मुकुट सुचला. पिवळाधमक, मधे लाल खडा, खाली मोठ्या अक्षरांत माझं नाव. फोन क्लासभर फिरला. मीही बत्तीशी दाखवून थँक्यू म्हणाले.

घरी आल्यावर फाइल उघडली. म्हटलं, आता मुकुटालाच हॅश टाकते आणि जुनी ओळ वर काढते. वरपासून खालपर्यंत बघितलं. नुसता मुकुट. जुनी ओळ नव्या मुलीनं पुसून टाकली होती. तिला बिचारीला आमचा रिवाज कुठं ठाऊक!

ओळ मला तोंडपाठ आहे. टाइप करायला कितीसा वेळ लागतो? ‘आली का म्हाराणी’ इथपर्यंत केलीसुद्धा. पण ते मैत्रिणीनं लिहिलेलं नव्हतं, मी लिहिलेलं होतं. पुसून टाकलं.