कोनी ठरवला?

बोनकोड्याच्या वस्तीतल्या द्रौपदीमावशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात एका अर्जावर शेरा लिहीत होते. 'वस्तीसाठी असे ठरविण्यात आले आहे की...' एवढंच लिहून झालं होतं. महिना उलटला, ते वाक्य मला पुरं करता आलेलं नाही.

वस्त्यांना निधी देणाऱ्या एका संस्थेत मी नोकरी करते. काही वर्षांपूर्वी बोनकोड्यात पहिल्यांदा गेले ती शिवणवर्गाची छापील योजना घेऊनच. समाजमंदिरात पुढची खुर्ची पकडून वाचायला लागले, तर मावशींनी मध्येच विचारलं, "कोनी ठरवला?" आम्ही, असं मी ऐटीत म्हणाले. त्यांनी मला उठवून मागे सतरंजीच्या कोपऱ्यात बसवलं आणि आता ऐका म्हणाल्या. एवढी शिकलेली मी, दोन तास तोंड मिटून बसले. बायकांना शिलाई मशीन नको होती. तळ्याजवळची बंद खोली हवी होती, एकत्र बसून ठरवायला, म्हणजे वॉर्ड ऑफिसात प्रत्येकीने आपलं वेगळं रडगाणं गायला नको. निधी त्यांच्याच समितीला दिला, अटी न घालता. वर्षभरात त्यांनी गटाराचं काम एकमुखाने मागून करून घेतलं. ऑफिसात श्रेय मात्र मी मिरवलं.

पुढच्या वर्षी मला वेळेवर अहवाल हवे होते, फोटो हवे होते. ते येईनात. वैतागून मीच शिफारस केली, की खोली एखाद्या मोठ्या संस्थेने चालवावी. तसं पत्र मिळाल्यावर मावशी ऑफिसात आल्या. पाणीसुद्धा न घेता दाराशी उभ्या राहिल्या आणि तोच प्रश्न विचारला. मी म्हणाले, "वरून ठरलं, मावशी." त्या माझ्याकडे बघत राहिल्या, मग गेल्या... पुन्हा भेट नाही. जाऊन खरं सांगावं असं कितीदा वाटलं. बोनकोडे काही सातासमुद्रापार नव्हतं, मला लाज वाटत होती.

तेराव्यानंतर गेले. खोलीची किल्ली आता त्या मोठ्या संस्थेकडे आहे, आत शिवणवर्ग चालतो. बायका परत समाजमंदिरात बसतात. मी मागच्या कोपऱ्यात बसले आणि मावशींच्या सुनेला सांगून टाकलं, ती शिफारस माझी होती.

"म्हातारीला ठाव व्हता," ती म्हणाली. "तुमी सांगाल म्हनून वाट बघत व्हती."

तेव्हापासून मी दर बैठकीला जाते. सतरंजीचा तो कोपरा बायका माझ्यासाठी मोकळा ठेवतात, तो प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. दाराशी सावली पडली की माझी मान वर होते. "मी ठरवलं, मावशी," असं सांगायला.