मोठ्यानं वाच, वहिनी

शिवणखान्यातल्या वाचनबाईचा आवाज तुम्ही ऐकायला हवा होता. अंगानं नुसती काडी, पण बोलायला लागली की शेवटच्या रांगेतली म्हातारीसुद्धा सुई थांबवून डोळे पुसायची. तिचं काम एकच: बाकीच्या बायका काजं-बटणं करत असताना त्यांना कादंबरी वाचून दाखवायची. हसू नका, पगार मिळायचा त्याचा! बायकांची तोंडं बंद राहिली की हात झपाझप चालतात, हे मालकाला पक्कं ठाऊक होतं.

कादंबरी जुनी, चांगली जाडजूड. तिच्यातल्या मोलकरणीवर सगळ्या जणींचा भारी जीव. ज्या घरचं मीठ खाल्लं त्या घराविरुद्ध ही बाई न्यायालयात खरं बोलेल का, यावर डबा खाताना भांडणं व्हायची.

ही नोकरी वाचनबाईला तिच्या नणंदेनं मिळवून दिली. नणंद पलीकडच्या इस्त्रीच्या खोलीत. आधी इस्त्रीवाल्या गोष्ट ऐकायला दाराशी येऊन बसायच्या आणि तिकडे शर्ट जळायचे, म्हणून काम सुरू झालं की मालक मधल्या दाराला इकडून कुलूप ठोकायचा. त्या खोलीला दुसरं दार नव्हतं. पण नणंद कसली ऐकते! आवाज कमी पडला की दारावर दोन ठोके. म्हणजे, मोठ्यानं वाच, वहिनी. बायका फिदीफिदी हसायच्या, वाचनबाई आवाज चढवायची. संध्याकाळी घरी ती सगळी गोष्ट, ठोक्यांच्या गमतीसकट, नणंद आपल्या आईला तिखटमीठ लावून सांगायची. म्हातारीचे डोळे गेले होते.

ज्या दिवशी मोलकरीण साक्षीला उभी राहिली, त्या दिवशी इस्त्रीला नणंद एकटीच होती. दारावर दोन ठोके पडले. वाचनबाईनं आवाज चढवला. पुन्हा पडले, तिनं आणखी चढवला. मग ठोक्यांना धरबंधच राहिला नाही. "आज हिला फारच रंग चढलाय, बाई!" कुणीतरी म्हणालं आणि सगळ्या हसल्या. दाराखालून धूर दिसला तोवर ठोके थांबले होते. मालक किल्ली घेऊन धावला, पण उपयोग झाला नाही.

दुसऱ्याच दिवशी त्यानं बायकांना बजावलं. दार उघडंच होतं, तिला घेरी आली असणार. चौकशीत कुणी वेडंवाकडं बोललं तर शिवणखाना बंद. बायकांनी माना खाली घातल्या. पोट कुणाला चुकलंय! वाचनबाईनंही मान हलवली, पण तिचं दुखणं वेगळं होतं. उघडं दार कुणी ठोठावतं का? कुलूप होतं म्हणायचं तर ठोके सांगायला हवेत, आणि ते आपल्या आवाजाखाली कसे बुडाले तेही. तेही सासूसमोर.

तेव्हापासून ते ठोके तिच्या पाठीच लागले. शेजारी कुणी खिळा ठोकला तरी ती कान झाकायची. मोठ्यानं वाचायची तर तिला धास्तीच बसली. आणि सासू रोज विचारायची, "पुढं काय झालं गं? त्या मोलकरणीनं सांगितलं का खरं?"

"अजून तिथवर आलो नाही, आई," ही म्हणायची.

चौकशीच्या आदल्या संध्याकाळी सासूनं हट्टच धरला. "तेवढी पानं वाच. माझी पोर सांगायची राहून गेली."

वाचनबाईनं वाचलं. मोलकरीण मालकाचं पाप सांगते आणि मग म्हणते, यात मीही आहे, मलाही सोडू नका. तिथं ही थांबली. पुस्तक मिटून तिनं सगळं सांगून टाकलं, ठोके, हसणं, चढवलेला आवाज, सगळं.

सासूनं गोधडीवरून हात फिरवला. "किती वेळ ठोठावत होती?"

"पान उलटेपर्यंत, आई."

"आज माझ्याशी बोलू नकोस," म्हणून म्हातारीनं भिंतीकडे तोंड फिरवलं. सकाळी मात्र ती आधीच तयार होऊन दाराशी उभी होती. "चल," एवढंच म्हणाली.

चौकशीच्या खोलीत मालक पहिल्या रांगेत पायावर पाय टाकून बसला होता. बायका मागे, आणि त्यांच्यामागे शेवटच्या बाकावर सासू. साहेबांनी विचारलं, "दार उघडं होतं की बंद?"

वाचनबाईचे ओठ हलले. ज्या आवाजावर पोट भरलं, तो आवाजच फुटेना.

"काय म्हणालात? ऐकू येत नाही."

मालक खाकरला. तिनं मान खाली घातली.

तेवढ्यात शेवटच्या बाकावर दोन ठोके पडले. बायकांच्या अंगावर सरसरून काटा आला. सासूची मूठ अजून बाकावरच होती.

वाचनबाईनं मान वर केली आणि भिंतीपलीकडेही ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "दाराला कुलूप होतं. ती ठोठावत होती. मी ऐकलं, आणि मी वाचतच राहिले."