जुन्या गाडीवाटेचा उतार

ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या अपघातात माझा डावा पाय गुडघ्याखालून गेला. एका शिबिरात मला नकली पाय बसवून मिळाला. पुढच्या हिवाळ्यात शिबिर भरवणाऱ्या मंडळींनी, आणखी लोकांना पाय मिळावेत म्हणून, पैसे जमवायला पदयात्रा काढली. बुलढाण्याहून राजूर घाटातल्या जुन्या गाडीवाटेने खाली उतरायचं होतं. मी नाव दिलं. घरी कुणाला पटलं नाही, पण अडवलंही नाही.

वाट दाखवायला एक निवृत्त शिक्षक होते. सगळे त्यांना गुरुजी म्हणत. मलकापूरला रेल्वे आली तेव्हा वरच्या गावांचा कापूस याच वाटेने बैलगाड्यांतून खाली जाई, असं त्यांनी सांगितलं. खडकात चाकांनी कोरलेल्या चाकोऱ्या काठीने दाखवल्या. चढापेक्षा उतार वाईट, ते म्हणाले. भरली गाडी बैलांच्या अंगावर जाऊ नये म्हणून गाडीवान मागे ओंडका बांधून फरफटत नेत.

मला ते चांगलंच कळलं. उतारावर माझाही सगळा भार डाव्या पायाच्या उरलेल्या टोकावर येत होता. अर्ध्या घाटात कातडी सोलवटली. वाट जिथे डांबरी रस्त्याला मिळते तिथे पदयात्रेसोबतची जीप उभी होती. मी जाऊन मागच्या बाकावर बसले.

तिथे बाविशीची एक मुलगी होती. तिलाही शिबिरातच पाय मिळाला होता, पण तो तिने मांडीवर पिशवीत ठेवला होता. आईने बळेच पाठवलं, एवढंच ती बोलली. मी पाय काढला, तर आतला मोजा रक्ताने भरलेला. पोरगी घाबरली असणार, असं वाटून मी तो लपवायला लागले.

तिने विचारलं, "दुखते का, मावशी?"

"हो. खोटं काऊन सांगू? आज लय दुखते."

"मंग काऊन चालता?"

"घरी बसूनबी दुखतच होतं."

ती म्हणाली, सगळे तिला सांगतात की काहीच दुखत नाही, सवय होते. खरं कुणी सांगितलंच नव्हतं. तिने पिशवी उघडली. मोजे दोन घालायचे, पट्टा बसल्या बसल्या नाही, उभं राहून आवळायचा, हे मी तिला दाखवलं. तिने पाय चढवला, आणि रस्त्यावर थांबलेल्या गुरुजींनी तिला आपली काठी दिली. समोरच्या पळसापर्यंत ती गेली, खोडाला धरून उभी राहिली, परत आली. आणि कुणी न सांगता पुन्हा गेली.

मी उरलेला घाट जीपमधूनच उतरले. त्याचं वाईट वाटलं, नाही असं नाही.

पुढच्या महिन्यात तिचा फोन आला. एकटीच एसटीने नांदुऱ्याला जाऊन आली होती. बसची पहिली पायरी फार उंच असते, एवढीच तिची तक्रार होती.