नेव्हच्या शेजारची सीट

नेव्हिल ट्रेगेन्झाने माझ्या मसुरात गाडी घातली, त्या दिवसापासून त्याची बायको मर्ल गाडीत मागच्या सीटवर बसते. मसूर माझा होता, मोडलेलं कुंपणही माझंच, तेव्हा ही गोष्ट सांगायचा पहिला मान माझा.

ऑस्ट्रेलियातल्या आमच्या यॉर्क द्वीपकल्पात शेतकरी गाडी चालवतो ती शेजाऱ्याच्या पिकाकडे बघत. मीही बघतो, नाही म्हणत नाही. रविवारी चर्चमधून परतताना आमचा रस्ता मुंगीच्या चालीने सरकतो. कोणाचा जव किती वाढला, कोणी खत टाकताना हात आखडला, कोणाच्या गव्हात तण माजलं, हे घरी पोहोचेपर्यंत सगळ्यांना कळलेलं असतं. पण बाकीचे आम्ही नुसते डोळे तिरके करतो. नेव्ह अख्खी मान वळवतो. मान वळली की हात वळतात, आणि हात वळले की गाडी बिचारी काय करणार?

त्या दिवशी मर्ल चर्चच्या जत्रेसाठी केलेला क्रीमचा मोठा केक मांडीवर घेऊन पुढे बसली होती. माझा मसूर शेंगांनी लगडलेला. नेव्हने बघितलं, आणि कुंपण तोडून थेट मसुरात. केक समोरच्या काचेवर. मर्लने रुमालाने नाकावरचं क्रीम पुसलं, खाली उतरली, मागचं दार उघडून आत बसली आणि म्हणाली, "घरी चल." मी धावत गेलो तेव्हा ती पट्टा आवळून, डोळे मिटून बसली होती. हसू मला नंतर आलं.

तेव्हापासून गावभर नेव्ह भाड्याच्या ड्रायव्हरसारखा दिसतो. पबमध्ये कोणी ना कोणी विचारणारच, "काय रे, आज बाईसाहेबांना कुठे सोडलंस?" तो हसायचा, पण बिअर अर्धी ठेवून उठायचा. एकदा माझ्या शेडमध्ये मेंढ्या कातरताना मला म्हणाला, "रोली, बायकोशी आरशात बघून बोलावं लागतं रे. आणि आरशात ती कायम खिडकीबाहेर बघत असते."

शेत मुलाच्या हवाली केल्यावर नेव्हने दोन गोष्टी ठरवल्या. मर्लला घेऊन पार उत्तरेला ब्रूमपर्यंत गाडीने जायचं, आणि ते तिला पुढच्या सीटवर बसवून. त्याची समजूत अशी, की गाडीच भारी असली तर ती आपणहून पुढे येईल. म्हणून त्याने उंची एसयूव्ही पसंत केली. जन्मभर खटारा पिकअप हाकलेल्या माणसाने. गाडी ठरली, पण तिच्यात तीन तऱ्हेची इंजिनं मिळत होती आणि त्यावर अख्खा फुटबॉल क्लब तुटून पडला. कोणी म्हणे मागे कॅरॅव्हॅन, म्हणजे चाकांवरचं घर, ओढायला डिझेलच हवं. कोणी म्हणे आठ सिलिंडरचं पेट्रोल, आयुष्यात एकदाच घ्यायचं तर मारे डरकाळी फोडणारं घ्यावं. तिसरं निम्मं बॅटरीवर चालणारं हायब्रिड, त्याचं नाव निघालं की लोक दुसऱ्या टेबलाकडे जात. मी डिझेलवाला. नेव्हचा जीव आठ सिलिंडरवर जडलेला.

हा खल मर्लच्या स्वयंपाकघरातही पोहोचला. ती पेस्टीत मटण-बटाटा भरून कडा दुमडत होती.

"मर्ल, या इंजिनात पाचशे घोड्यांची ताकद आहे," नेव्ह म्हणाला.

"घोडे बरे. घोडा निदान समोर बघून चालतो."

"आणि पुढची सीट पाठ चेपून देते."

"माझी पाठ ठणठणीत आहे. तुझी मान धरून सरळ ठेवणारं काही निघालंय का ते विचार."

नेव्हचा चेहरा पडला. तेव्हा मर्लनेच हात पुसले आणि म्हणाली, "अ‍ॅडलेडचा तो विक्रेता गाडीबरोबर ड्रायव्हिंग स्कूलचा एक दिवस देतोय ना? रेसट्रॅकवरचा? मग तिथे जा. तिन्ही इंजिनं चालवून बघ. तिथल्या शिक्षकांनी सांगितलं की हा माणूस समोर बघतो, तर मी पुढे बसेन. इंजिन कुठलं का असेना."

"शब्द?"

"शब्द. रोली साक्षीला आहे."

म्हणून आम्ही तिघं टेलम बेंडच्या ट्रॅकवर गेलो. नेव्ह चालवायला, मर्ल मागे, आणि पुढे, तिने सोडलेल्या सीटवर मी. त्या सीटवर बसून मी वाटेत किती वेळा पाय फळीवर दाबून नसलेला ब्रेक मारला, ते माझं मला ठाऊक. मर्लचं म्हणणं मला पहिल्यांदा मनापासून पटलं.

आमची शिक्षिका ब्री कोवालिक नावाची, काडीसारखी मुलगी. आवाज मात्र खणखणीत. तिने पहिलंच वाक्य टाकलं, "गाडी हातांनी चालत नाही, डोळ्यांनी चालते. तुम्ही जिकडे बघाल तिकडे गाडी जाईल."

"हे मला माझ्या केकने शिकवलं," मर्ल माझ्या कानात म्हणाली.

सकाळ छान गेली. ब्रेक दाबणं झालं, ओल्या डांबरावर घसरणाऱ्या गाडीला सावरणं झालं. तिथे चहूकडे टायरच्या भिंती, बघायला पिकाचं एक पान नाही. ब्रीने दोनदा शाबासकी दिली. नेव्ह फुगून आमच्याकडे टोपी हलवत होता. मग ब्री शेजारी बसली आणि आठ सिलिंडरच्या गाडीतून पूर्ण फेरी सुरू झाली.

डरकाळी अशी, की मी आणि मर्ल बघत उभे होतो त्या चौथऱ्याच्या फळ्या हादरल्या. गाडी लांबच्या वळणावर पोहोचली, जिथे ट्रॅकच्या कुंपणापलीकडे शेतं आहेत, आणि डावीकडे वळायची ती नाकासमोर गेली. खडी ओलांडून कुंपणापाशी जाऊन थांबली.

"तिथे गहू आहे का रे?" मर्लने विचारलं.

"आहे," मी म्हणालो. खोटं कशाला बोलू?

दुसरी फेरी डिझेलची. तेच वळण, तीच खडी. फक्त या वेळी गाडी जरा आणखी पुढे, जिथून पीक बरं दिसतं अशा जागी थांबली. जित्याची खोड.

ब्रीने गाडी परत आणवली, खाली उतरली आणि शांतपणे विचारलं, "नेव्हिल, त्या कुंपणापलीकडे तुम्हाला काय दिसलं?"

"तांबेरा. खालच्या पानांवर. मालकाला कोणीतरी कळवायला हवं."

"एवढ्या वेगात, वळणावर, तुम्ही पानांवरचा तांबेरा बघितलात?"

"पहिल्या फेरीत खात्री नव्हती. म्हणून दुसऱ्या फेरीत नीट बघितला."

मी तोंड फिरवून खोकलो. ब्रीने मर्लकडे बघितलं. "मी खोटं नाही सांगणार. हे समोर बघत नाहीत."

नेव्ह टायरच्या ढिगावर बसला आणि त्याने टोपी काढली. "मर्ल, मी खूप प्रयत्न केला गं. बघायचं नाही म्हटलं की जास्तच बघावंसं वाटतं. जन्मभर पिकंच बघितली, आता मान ऐकत नाही. तू बस मागे. ब्रूमला आपण तसेच जाऊ."

मला फार वाईट वाटलं. त्याच्याकडे बघताना माझा मसूर आठवला नाही, असं त्या दिवशी पहिल्यांदा झालं.

ब्रीच म्हणाली, शेवटची फेरी हायब्रिडची आहे, सावकाश घेऊ, बरोबरच्या लोकांनी बसलं तरी चालेल. मी सवयीने पुढच्या दाराकडे निघालो.

"रोली, तू मागे," मर्ल म्हणाली, आणि ती पुढच्या सीटवर जाऊन बसली. पट्टा दोनदा ओढून बघितला. नेव्ह तिच्याकडे बघतच राहिला.

"माझ्याकडेही बघू नकोस," ती म्हणाली. "तुला कळायला हवंय ना, पिकात काय आहे ते? मी सांगते. तू ऐक."

मी आणि ब्री मागे बसलो. गाडी निघाली ती कळलीसुद्धा नाही, इतकी गपचूप. लांबचं वळण आलं आणि नेव्हची मान फिरायला लागली.

"पुढे बघ. गहू कमरेला लागलाय. ओंब्या बाहेर आल्यात."

मान परत आली. "तांबेरा?"

"कुंपणाच्या कडेलाच. आत स्वच्छ आहे."

"तिथे पाणी साचत असेल."

"साचतंच. खळगा आहे. पुढे बघ. कोपऱ्यातून मेंढ्या शिरल्यात."

"कोणाच्या? खूण कसली आहे?"

"पुढे बघ, नेव्ह."

आणि गाडी त्या वळणावरून अलगद फिरली. मी एवढा वेळ ब्रीची बाही धरून होतो, ती सोडली.

"हे मी कोणाला शिकवत नाही," ब्री म्हणाली. "पण पास. दोघं मिळून पास."

नेव्हने गाडी उभी केली आणि म्हणाला, "हेच इंजिन." क्लबात तो कमी पेट्रोलची कारणं सांगतो, आणि लोक बॅटरीवरून त्याला खेळण्यातल्या गाडीचा मालक म्हणतात. खरं कारण मला माहीत आहे. ट्रॅक्टरच्या आवाजाने त्याचा उजवा कान केव्हाच बहिरा केला. उरलाय तो डावा, मर्लच्या बाजूचा. डरकाळी फोडणाऱ्या गाडीत त्याला तिचं एक अक्षर ऐकू आलं नसतं.

ब्रूमला निघाले त्या सकाळी मी कुंपणापाशी उभा होतो. यंदा माझ्या मसुराला गेल्या कित्येक वर्षांत नव्हत्या इतक्या शेंगा लागल्यात, बघणाऱ्याने थांबून बघावं असा मसूर. गाडी आली, काच खाली होती. नेव्हने समोर बघतच स्टिअरिंगवरून एक बोट उचलून मला सलाम केला. मान जरा फिरते की काय असं वाटलं, तेवढ्यात मर्लचा आवाज आला.

"रोलीचा मसूर यंदा अगदीच सुमार आहे. बघण्यासारखं काही नाही."

माझ्या तोंडावर बोलली. मग हात बाहेर काढून मला टाटा केलं, आणि नेव्ह नाकासमोर बघत सरळ निघून गेला.