खिडकीतून अर्धी अमेरिका

"ती खुर्ची तूच उचल. अंगणात ने. तिला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही."

अमेरिकन पाहुण्याची मोटार फाटकाबाहेर वळते न वळते तोच सर हे बोलले. खुर्ची वेताची होती. तासभर मी तिच्यावर बसलो होतो. मी ती उचलली, अंगणात ठेवली. सरांच्या घरच्या बाईंनी दुरूनच बादली ओतली. अर्धं पाणी खुर्चीवर, अर्धं माझ्या धोतरावर. ते धोतर मायनं आदल्या दिवशी घासून घासून धुतलं होतं, पाहुण्यासाठी. आत वर्गातली मुलं संत्री सोलत होती. कुणी बाहेर बघितलंसुद्धा नाही.

महायुद्धाचे दिवस होते. नागपुरात अमेरिकेचं फार कौतुक चाललं होतं. आमच्या कॉलेजातल्या तीन प्राध्यापकांनी मिळून एक वर्ग काढला. एकानं तिथला इतिहास शिकवायचा, दुसऱ्यानं अर्थशास्त्र, तिसऱ्यानं वाङ्मय आणि चालीरीती. एकच देश तिन्ही बाजूंनी समजून घ्यायचा. दर गुरुवारी, रामदासपेठेत इतिहासाच्या सरांच्या बंगल्यावर. कॉलेजात मला बाकावर बसू देत, मागच्या का होईना. पण हे पडलं घर. घरात महाराचा पोर कसा येणार? सर मोठे उदार, त्यांनी मला खिडकीखाली जागा दिली. संत्र्याची रिकामी पेटी उपडी घालून मी बसायचो आणि गजांतून अमेरिका शिकायचो.

मला हा विषय हवा होता. तिथले गुलाम सुटले, एवढं मी ऐकलं होतं. कसे सुटले, ते मला शिकायचं होतं. दुसरं काही नको होतं.

भिंतीवर अमेरिकेचा मोठा नकाशा होता. मध्ये पुस्तकांचं कपाट. मला नकाशाची डावी बाजू तेवढी दिसायची. डोंगर, वाळवंट, निळा समुद्र. गुलामांचा विषय निघाला की सरांची छडी उजवीकडे, कपाटाआड जायची. टकटक ऐकू यायचं. कुठे, ते दिसायचं नाही. एकदा धीर करून सांगितलं, तर सर म्हणाले, "तू ऐक. ऐकूनही ज्ञान मिळतं." मी ऐकत राहिलो. काय करणार होतो?

मग तिकडच्या विद्यापीठातला एक गोरा प्रोफेसर वर्ग बघायला येणार असं ठरलं. सर स्वतः खिडकीपाशी आले. म्हणाले, "येत्या गुरुवारी तू आत बस. पुढे. त्यांच्या मनात आपल्याबद्दल भलतंसलतं यायला नको."

मी आत बसलो. आणि पहिल्यांदा पुरा नकाशा दिसला. उजवीकडे, खाली, कापसाचा मुलूख रंगवला होता. तिथेच ते गुलाम कापूस वेचत. माझी माय गिरणीतून परतायची तेव्हा तिच्या भुवयांवर कापूस असायचा. माझे डोळे भरून आले. सगळ्यांसमोर आले, तरी लाज वाटली नाही.

पाहुण्यानं नेमकं मलाच विचारलं, "तू नेहमी इथेच बसतोस का?"

मी मोडक्या इंग्रजीत सांगितलं, "नाही साहेब. तिथे. खिडकीबाहेर."

सर हसले. "त्याला वारा आवडतो," म्हणाले. मुलं हसली. पाहुण्यानं माझ्याकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं. त्याला कळलं होतं. शपथेवर सांगतो, कळलं होतं. मग तोही हसला आणि त्यानं संत्र्याची फोड तोंडात टाकली.

अंगणातली खुर्ची वाळली तशी सरांनी ती माझ्याकडून खिडकीखाली ठेववली. "घे. आता ही तुझीच. पेटीवर बसायला नको." वर हा उपकार!

घरी आलो तर मायनं विचारलं, "काहून गा, तोंड उतरलं तुयं? पाहुना आला नाही काय?"

"आला. मले आत बसवलं होतं."

"मंग चांगलं झालं न."

"मी बसलो ते खुर्ची धुतली, माय."

माय चुलीपुढे बसून राहिली. "आपल्या हातात काय आहे बापू," एवढंच म्हणाली.

पुढच्या गुरुवारी मी गेलो. खुर्चीवर बसलो. तोच अर्धा नकाशा. छडी कपाटाआड गेली. टकटक. आता ती कुठे पडते आहे ते मला ठाऊक होतं. बसवेना. उठलो, खुर्ची उचलली आणि बंगल्याला वळसा घालून दारातून आत गेलो. ती माझ्या हातून कुणी हिसकावली नाही. हिसकावणार कशी? शिवावं लागलं असतं. मी ती नकाशासमोर मांडली आणि बसलो.

"बाहेर हो," सर म्हणाले.

"खुर्ची माझी आहे, सर. तुम्हीच दिली."

सरांनी छडी खाली ठेवली. वर्ग संपला म्हणाले. मुलं उठली. "तुझ्यापायी आमचं नुकसान," एक जण जाता जाता पुटपुटला. एकही थांबला नाही. खोलीत मी आणि नकाशा. ते गुलाम कसे सुटले हे सांगणारं कुणी उरलं नव्हतं. जिंकल्यासारखं अजिबात वाटलं नाही. रडू आवरत नव्हतं.

बाईंनी बादली आणून दारात ठेवली. "खुर्ची बाहेर काढ. धू."

मी उभा राहिलो.

"धुणार नाही. काढणारही नाही. ती इथेच राहील, बाई. गुरुवारी मी येतो. तोवर तिला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही."