कडीपत्त्यानं प्यायलेले काढे

आईचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये होते. म्हणाली, "गेली गं सुनंदा..." आणि मला पहिलं काय सुचलं सांगू? की आईची किडनीपण गेली. विचित्र वाटेल, पण सुनंदामावशीच्या पोटात आईची एक किडनी होती आणि आमच्या घरात ही गोष्ट कुणी कधी विसरतच नव्हतं. मावशी आईला चिडवायची, "तुझी किडनी लई खवचट हाय गं ताई. तुला लोणच्याशिवाय घास जात न्हाय, आणि हिला मीठ चालत न्हाय."

मावशी शाळेत क्लार्क होती, जुळे सोलापूरला आमच्या मागच्याच गल्लीत एकटी राहायची. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी सांगितलं होतं, शरीराला ही किडनी परकी वाटते, ते तिच्यावर धावून जाऊ नये म्हणून गोळ्यांनी प्रतिकारशक्ती मुद्दाम कमी ठेवायची, आणि विचारल्याशिवाय बाकी काही घ्यायचं नाही, ना अंगदुखीची गोळी, ना सर्दीची, काढा तर नाहीच. एकदा तिचं डोकं दुखत होतं. मी म्हटलं खालच्या मेडिकलमधून गोळी आणते, तर ही आधी दवाखान्यात फोन लावून बसली. मी हसले. "हस," म्हणाली, "किडनी तुझ्या आईची हाय."

पण भेटायला येणाऱ्यांना हे कसं सांगणार... आपल्याकडं आजारी माणसाकडं कुणी रिकाम्या हातानं येतं का? कुणी अश्वगंधाची पावडर, कुणी कसला रस, आणि सगळ्यांचं एकच म्हणणं, "किती वाळलीस बाई, प्रतिकारशक्ती वाढायला पायजे तुझी." म्हणजे जे वाढू नये म्हणून ती रोज मूठभर गोळ्या गिळत होती, नेमकं तेच. मावशी कुणाला नाही म्हणायची नाही. दोन्ही हातांनी घ्यायची, "आत्ताच जेवले, घेते की नंतर," म्हणायची, आणि पाहुणा जिना उतरला की गॅलरीतल्या कडीपत्त्याच्या कुंडीत सगळं ओतायची. "अख्ख्या सोलापुरात सगळ्यात दणकट प्रतिकारशक्ती ह्या झाडाची हाय बघ."

फक्त मामापुढं तिचं चाललं नाही. मामा मैंदर्गीला शेती करतो, तिला 'तंगी' म्हणायचा, तिकडं कानडीत धाकट्या बहिणीला म्हणतात तसं. खरं तर किडनी आधी तोच देणार होता, पण तपासणीत त्याला शुगर निघाली आणि ते राहिलं, ते त्याला फार लागलं होतं. मग घरामागच्या लिंबावरची गुळवेल तोडून, स्वतः उकळून, बाटलीत भरून एसटीनं घेऊन यायचा आणि समोर बसायचा. "मला तुला काय देता आलं न्हाय तंगी. एवढं तरी पी, माझ्यासमोर." मी होते तिथं एकदा. मावशीनं कुंडीकडं बघितलं, मग मामाकडं... आणि प्याली. तो येत राहिला, ती पीत राहिली.

मग पाय सुजले, रिपोर्ट बिघडला. डॉक्टरांनी विचारलं, बाहेरचं काही घेतलं का? मामा शेजारच्या स्टुलावर बसला होता. मावशी म्हणाली, "न्हाय सर." तो चहाला खाली गेला तेव्हा तिनं आईला खरं सांगितलं आणि आई तशीच अनवाणी डॉक्टरांकडं पळाली. ते म्हणाले, ह्याच्यामुळंच झालं असं सांगता येणार नाही, कारणं बरीच असतात, पण लपवायला नको होतं. मग किडनी वाचवायला आणखी जड औषधं सुरू झाली, त्यात ताप आला, छातीत इन्फेक्शन झालं... तिथून ती घरी आलीच नाही.

मावशीसाठी ठेवलेल्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला आईनं मामाला सगळं सांगितलं. जाताना तो मला म्हणाला, "तू तंगीवर पेपरात लिवणार हायस म्हणं. माझं बी लिव. झाडपाल्यानं वाईट कसं हुईल, असं वाटणारी माझ्यासारखी लई माणसं हायत."

म्हणून लिहिलं. आणि अजून एका भीतीनं. मावशीची कुंडी आता आमच्या गॅलरीत आहे. आईचे गुडघे दुखतात, आणि आईला एकच किडनी आहे, हे मला आता रोज आठवतं. परवा शेजारच्या काकू सांधेदुखीचा कसला काढा घेऊन आल्या. "जडीबुटीचा हाय, साईड इफेक्ट काय नसतो." आईनं दोन्ही हातांनी घेतला. "घेते की नंतर." मला क्लासला जायचं होतं, मी गेले, पण तिथं लक्षच लागेना. घरी आले तर बाटली ओट्यावर, धुऊन पालथी घातलेली. आई झोपलेली. मी गॅलरीत जाऊन कुंडीत बोट घातलं. माती ओली होती. पण आई पाणीपण घालते की संध्याकाळचं... मग बोट जिभेला लावलं.

कडू. लई कडू.