मानेचा फोटो काढल्याशिवाय घरी नाही

रक्तवाहिन्यांच्या सर्जरीत किस्से जमवावे लागत नाहीत, दुपारी जेवणाचे डबे उघडले की ते आपोआप निघतात. आमच्या हॉस्पिटलात त्यातले निम्मे मॅडमचे! मॅडम म्हणजे आमच्या विभागप्रमुख. त्यांचा नियम एकच: स्फोटात सापडलेला पेशंट स्वतःच्या पायांनी चालत आला, तरी मानेचा सीटी अँजिओ, म्हणजे रक्तवाहिन्यांचा स्कॅन, झाल्याशिवाय घरी जायचा नाही. वरून नुसतं खरचटलेलं दिसतं, आत मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटलेली असते. तिथे गुठळी धरते आणि मग पक्षाघात.

* * *

नारायण पेठेतल्या एका निवृत्त मास्तरांचा कुकर उडाला. हनुवटीखाली एवढासा ओरखडा.

"अहो, फुटलाय कुकर. माझ्या मानेचा काय संबंध?"

"कुकर आणलात का बरोबर? नाही ना? मग मानच तपासते."

अँजिओत फाट दिसली, गुठळीही धरायला लागली होती! औषधांवर मास्तर वाचले. डिस्चार्ज घेताना म्हणाले, "निदान उत्तम. बोलणं सुधारा."

मॅडम दिवसभर खूश होत्या.

* * *

एका गॅरेजवाल्याच्या तोंडासमोर ट्रकचा टायर फुटला. पत्र्याचा तुकडा मानेत रुतलेला. मेव्हण्याचा फोन आला, "दाजी ठणठणीत हायेत. तुकडा ओढून काढू का?"

मॅडमनी माझ्या हातातून फोन हिसकावला. "हात लावलात तर दाजी गेले! तो तुकडाच बूच आहे. तसेच घेऊन या!"

ऑपरेशनमध्ये तुकडा निघाला आणि रक्ताची चिळकांडी थेट दिव्यापर्यंत! मॅडमचं बोट त्याआधीच जागेवर होतं. शुद्धीवर आल्यावर दाजींनी पहिलं विचारलं, "तुकडा कुठाय? दुकानात लावायचाय."

* * *

आणि परवा कर्वेनगरला मॅडमच्याच घरी गीझर फुटला. गालाला पट्टी लावून त्या राउंडला हजर!

मी धीर करून म्हणालो, "मॅडम, अँजिओ?"

"मला काही झालेलं नाही. फाइल दे."

मी फाइल दिली. मला मात्र त्यांच्या मानेची खरंच भीती वाटत होती. तेवढ्यात फॉलो-अपला आलेले मास्तर बाकावरून उठले.

"गीझर आणलात का बरोबर?"

मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलं, कानातल्या कुड्या काढून माझ्या हातात ठेवल्या आणि सीटीच्या खोलीत गेल्या.

स्कॅन झाल्यावर त्या स्वतःच स्क्रीनसमोर येऊन उभ्या राहिल्या. डाव्या बाजूला बारीकशी फाट होती. मॅडमनी ती नीट पाहिली आणि नेहमीच्याच आवाजात म्हणाल्या,

"यांना घरी सोडू नका!"